खिशातला बिंदू चौक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोल्हापुरात दोन पुढाऱ्यांचे भांडण विकोपाला गेले, की एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘‘धमक असेल तर या बिंदू चौकात!’’ निवडणूक साखर कारखान्याची असो, दूध संघाची असो की महापालिकेची, हे आव्हान ठरलेले. ठरल्या वेळी समोरचा येतोच असे नाही. पण आव्हान देणारा कागदांची पिशवी घेऊन हजर राहतो, बघे जमतात आणि पोलीस मध्ये उभे राहतात. या चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते १९५० साली, म्हणजे बाबासाहेब हयात असताना, उभारले गेले. जवळच उपकारागृहाची भिंत आहे. वाद, विचार आणि तुरुंग एका हाकेच्या अंतरावर! आज मला जे सांगायचे आहे, त्याला ही जागा फार सोयीची आहे.

कारण हा बिंदू चौक आता प्रत्येकाच्या खिशात आला आहे. मोबाइल उघडला की काश्मीर, आरक्षण, सीमाप्रश्न, निवडणुका, पोलीस कोठडीतले मृत्यू, सगळ्यावर चर्चा चालू असते आणि समोर असतो तो पूर्ण अनोळखी माणूस. खऱ्या चौकात समोरचा कोणत्या पेठेतला, कोणत्या तालमीचा, कोणाचा भाचा, हे पाच मिनिटांत कळते आणि जीभ आपोआप थोडी आवरली जाते. उद्या दुधाच्या डेअरीवर त्याची गाठ पडणार असते. खिशातल्या चौकात ही गाठ पडत नाही. म्हणून एरवी ‘अहो-जाहो’ करणारी माणसे तिथे तिसऱ्या वाक्याला ‘अरे-तुरे’वर आणि पाचव्या वाक्याला एकमेकांच्या आई-बापांवर येतात.

अशा वादांत पडूच नये, असे सांगणारे बरेच आहेत. मी तसे सांगणार नाही. पस्तीस वर्षे मी मुलांना राज्यशास्त्र शिकवले. अनोळखी माणसाशी सार्वजनिक प्रश्नावर बोलता येणे हे नागरिकाचे कामच आहे. घरातल्यांशी, मित्रांशी बोलताना आपण बहुतेक वेळा एकमेकांना दुजोराच देत असतो. प्रश्न एवढाच आहे, की हे बोलणे कसे करावे, त्यात कायदा कुठे उभा आहे आणि धोका नेमका कुठून येतो.

आधी माझीच एक फजिती सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी समजतात, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. माझ्या बहिणीचे घर शिरोळ तालुक्यात. आठवडाभर ते पाण्यात होते. तिला छावणीत भेटून आलो त्या रात्री मी फेसबुकवर चार संतप्त ओळी लिहिल्या: हे पाणी अलमट्टीने आमच्या अंगावर ढकलले, कर्नाटकाने दरवाजे उघडले नाहीत, हा आमच्या जीविताच्या हक्काचा प्रश्न आहे. शेकडो लोकांनी पसंती दिली. आणि खाली एक अनोळखी गृहस्थ आले, विजापूरकडचे. मराठी कानडी वळणाचे, पण स्वच्छ. त्यांनी शिवी दिली नाही. तीन प्रश्न विचारले. कोणत्या तारखेला धरणात किती पाणी होते? त्या दिवशी विसर्ग किती होता? आणि त्याच वेळी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पातळी किती होती?

माझ्याकडे तिन्हींची उत्तरे नव्हती. पण शेकडो पसंत्या होत्या! मी उत्तर दिले, ‘तुम्हाला काय कळणार पुराचे दुःख?’ त्यावर त्यांनी शांतपणे लिहिले, की अलमट्टीच्या पाण्यात जुन्या बागलकोटचा मोठा भाग गेला, त्यात त्यांच्या आजोळचे घर होते. मी फोन बंद करून ठेवला. पुढे २०२० मध्ये नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील राज्य सरकारच्या समितीचा अहवाल आला. त्याने पुराचे मुख्य खापर अलमट्टीवर फोडले नाही. थोड्या दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस आणि पूररेषेतली बांधकामे यांकडे बोट दाखवले. वाद तिथे मिटला असे नाही. धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४ मीटरच्या वर नेण्याला महाराष्ट्राचा विरोध आहे आणि त्यात मला तथ्य दिसते. पण त्या रात्री माझा राग खरा होता आणि पुरावा शून्य होता. या दोन गोष्टी एकाच वेळी असू शकतात, हे मला तोवर फक्त पुस्तकातून ठाऊक होते.

पुस्तकातले उदाहरणही कोल्हापूरचेच आहे. १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. आगरकर ‘केसरी’चे संपादक, टिळक ‘मराठा’चे. दोघेही पंचविशीतले. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. महाराज वेडे आहेत, असे सरकार सांगत होते. त्यांचा छळ होतो आहे, असे लोक बोलत होते. संशय होता कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर. त्याच सुमारास बर्व्यांची म्हणून काही पत्रे या तरुण संपादकांपर्यंत पोहोचली. आणणारी माणसे भरवशाची वाटली, विषय जिव्हाळ्याचा होता, पत्रे छापली गेली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि कोर्टात पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तकच लिहिले.

आजच्या भाषेत सांगायचे, तर टिळक-आगरकरांनी एक ‘फॉरवर्ड’ पुढे पाठवला. त्यांची कळकळ खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, महाराजांचा अहमदनगरला एका गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. म्हणजे काळजी करण्यासारखे तिथे नक्कीच काही होते. काळजी बरोबर, कागद खोटा. आणि बनावट कागदाने खऱ्या तक्रारीचे जेवढे नुकसान केले, तेवढे बर्व्यांनाही करता आले नसते.

या प्रकरणातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. जामिनाची वेळ आली तेव्हा दहा हजारांचा जामीन उभा राहिला तो जोतीराव फुले यांच्या शब्दावर; त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे जामीनदार झाले. फुल्यांचे आणि या मंडळींचे विचार किती जुळत होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. विरोधी मताच्या माणसाला तुरुंगातून सोडवायला धावणे आणि त्याच्या मताशी भांडत राहणे, या दोन्ही गोष्टी त्या पिढीला जमत होत्या.

आता कायद्याकडे येतो. इथे लोकांच्या मनात दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक म्हणतो, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, वाट्टेल ते लिहू. दुसरा म्हणतो, काही लिहिले की पोलीस उचलतात, नकोच ते. दोन्ही चूक, आणि दोन्हींना थोडाथोडा आधार आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००९ पासून ६६ अ नावाचे कलम लागू झाले. इंटरनेटवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ काही पाठवले, किंवा खोटे आहे हे माहीत असून कोणाला त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून पाठवले, तर तीन वर्षांपर्यंत कैद. आता ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय आणि ‘त्रास’ म्हणजे काय, हे ठरवणार कोण? ठाण्यातला अंमलदार. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न केला, तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ दिले. दोघींनाही अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे तो गुन्हा मागे पडला आणि अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. पण देशभर खळबळ उडाली आणि श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

त्या निकालातली एक पायरी-पायरीची मांडणी सामान्य माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिली पायरी चर्चा, दुसरी एखाद्या मताचा पुरस्कार, तिसरी चिथावणी. पहिल्या दोन पायऱ्यांवरचे बोलणे कितीही अप्रिय असले, तरी घटना त्याला संरक्षण देते. तिसऱ्या पायरीवर पाय पडला, की राज्याला हात घालता येतो. कलम रद्द झाल्यावरही कित्येक ठाण्यांत त्याखाली गुन्हे दाखल होतच राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला, की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. मेलेल्या कलमाची भुते फार दिवस फिरतात.

यानंतरचा महत्त्वाचा निकाल आपल्या हातकणंगल्यातून गेला, हे कोल्हापुरातही फार जणांना ठाऊक नाही. मूळचे काश्मीरचे एक प्राध्यापक या भागातल्या महाविद्यालयात शिकवत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर मजकूर ठेवला: ३७० कलम रद्द झाले तो ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचा, आम्ही खूश नसल्याचा, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारा. पालक आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटातले ते सदस्य होते. हातकणंगले पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, दोन समूहांत वैर वाढवल्याच्या १५३ अ कलमाखाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने, तो रद्द केला.

या निकालाशी आपले मत जुळो न जुळो, त्याचा तर्क समजून घेण्यासारखा आहे. सरकारच्या निर्णयावर टीका करणे, त्याबद्दल दुःख किंवा निषेध व्यक्त करणे हा नागरिकाचा हक्क आहे. दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे हा सद्भावनेचा भाग आहे. लिहिणारा अमुक धर्माचा म्हणून त्याचा हेतू वाईट, असे धरता येत नाही. सरकारच्या प्रत्येक कृतीवरची टीका गुन्हा ठरू लागली, तर लोकशाही टिकणार नाही. आणि पोलीस यंत्रणेलाच आता अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय हे शिकवायची वेळ आली आहे. हे सारे न्यायालयाने सांगितले. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांनी वापरलेली फूटपट्टी. ती जुनी आहे आणि आपल्या नागपूरची आहे.

१९४६ साली नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्यापुढे एक प्रकरण आले होते. शब्दांचा परिणाम कसा मोजायचा, असा प्रश्न होता. बोस यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्याचे मन डळमळीत आहे, ज्याला प्रत्येक विरोधी मतात संकटच दिसते, त्याच्या मोजमापाने शब्द तोलू नका, समंजस, खंबीर आणि धीट माणूस ते कसे घेईल, ते पाहा. ‘तमस’ ही मालिका दूरदर्शनवर दाखवू नये म्हणून १९८८ मध्ये लोक कोर्टात गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हीच फूटपट्टी लावली. हातकणंगल्याच्या स्टेटसलाही तीच लावली. मार्च २०२५ मध्ये एका खासदाराने समाजमाध्यमावर टाकलेल्या कवितेच्या प्रकरणात त्याच दोन न्यायमूर्तींनी ती पुन्हा वापरली आणि आणखी एक गोष्ट जोडली. बोलण्या-लिहिण्याचा गुन्हा तीन ते सात वर्षे शिक्षेच्या वर्गातला असेल, तर गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशी करणेच योग्य. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तशी तरतूद आहे आणि त्या चौकशीला चौदा दिवसांची मुदत आहे. जुने १५३ अ आता भारतीय न्याय संहितेत १९६ क्रमांकाचे कलम झाले आहे. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना ते लागते.

मग सगळे ठीक आहे का? नाही. त्या प्राध्यापकांच्या डोक्यावरची टांगती तलवार ऑगस्ट २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ, तशीच होती. मे २०२५ मध्ये पुण्यात १९ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने भारत-पाक संघर्षाबद्दलची दुसऱ्याची पोस्ट पुढे टाकली, थोड्याच वेळात काढूनही टाकली. तरी अटक झाली, महाविद्यालयातून तिचे नाव काढले गेले. उच्च न्यायालयाने सरकारला आणि महाविद्यालयाला खडे बोल सुनावून तिला जामीन दिला, परीक्षेला बसू दिले. पण मधले दिवस कोठडीत आणि तुरुंगात गेलेच. पोस्ट पुसली म्हणून ती गेली असे होत नाही. तोवर कोणीतरी तिचे छायाचित्र घेऊन ठेवलेले असते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे, त्यामुळे अशा कामासाठी आता मुंबईची रात्रीची गाडी पकडायला नको. तेवढे एक सोयीचे झाले.

‘गटात दुसऱ्याने काही टाकले तर अॅडमिनला धरतात का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, विशेषतः तालीम मंडळांच्या पोरांकडून. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये उत्तर दिले आहे. नुसते अॅडमिन असणे हा गुन्हा नाही. सदस्याच्या कृत्यात त्याचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसले पाहिजे.

आता धोक्याबद्दल. इथे कायद्याच्या पुस्तकापेक्षा रस्त्यावर घडलेले अधिक बोलके आहे. ६ जून २०२३, शिवराज्याभिषेक दिन. काही मुलांनी औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्याबद्दलचे वादग्रस्त स्टेटस ठेवले. त्यांत अल्पवयीनही होते, असे पोलिसांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर बंदची हाक, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर. इंटरनेट बंद करावे लागले. ज्यांच्या दुकानांच्या काचा फुटल्या, त्यांनी ते स्टेटस ठेवलेही नव्हते आणि बहुधा पाहिलेही नव्हते. जून २०१४ मध्ये पुण्याच्या हडपसर भागात याहून भयंकर घडले. छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विकृत केलेली चित्रे कोणीतरी फेसबुकवर टाकली आणि जमावाने सोलापूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला रस्त्यात गाठून ठार केले. त्याचा त्या चित्रांशी काडीचा संबंध नव्हता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण मारले गेले. हे भिक्षा मागत फिरणारे लोक. त्यांच्या हातात मोबाइल असेल-नसेल. अफवा मात्र इतरांच्या मोबाइलवर होती.

तिन्ही ठिकाणी पाहा. ज्याने लिहिले तो एक, ज्याच्यापर्यंत पोहोचले तो दुसरा, आणि ज्याला मार बसला तो भलताच तिसरा. खऱ्या बिंदू चौकात भांडण झाले तर मार भांडणाऱ्यांनाच बसतो. खिशातल्या चौकात तो तिसऱ्याला बसतो, आणि हा तिसरा कोण असेल, हे लिहिताना दिसत नाही. स्टेटस चोवीस तास राहते, ते फक्त आपल्या ओळखीचेच पाहतात, असे पोरांना वाटते. ओळखीच्यातला एक जण ते टिपून दुसऱ्या गटात टाकतो, तिथून ते तिसऱ्यात जाते, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्याबरोबर आधीचा संदर्भ जात नाही, फक्त राग जातो. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना किंवा गटांना पाठवता येईल अशी मर्यादा आणली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फिरून आलेला संदेश एका वेळी एकालाच पाठवता येईल, असे केले. अशा संदेशावर दोन बाण दिसतात. ते दोन बाण दिसले, की समजावे: लिहिणारा आपल्याला ओळखत नाही आणि पाठवणाऱ्याने बहुधा तपासलेले नाही. १८८२ च्या त्या पत्रांवर असे बाण असते तर!

आपल्या उत्तरानेही आग पसरू शकते. फेसबुकसारख्या ठिकाणी ज्या मजकुराखाली जास्त बोलाचाली होते, तो यंत्रणा आणखी लोकांना दाखवते. बोलाचाली पसंतीची की संतापाची, हा फरक तिथे फारसा पडत नाही. म्हणजे एखाद्या विषारी मजकुराखाली तुम्ही पन्नास वेळा ‘हे खोटे आहे’ लिहिलेत, तर त्याला पन्नास पायऱ्या वर चढवलेत. एकदाच, पुराव्यासह लिहावे आणि थांबावे. मी तर समोरच्यासाठी लिहीतच नाही. तो बदलणार नसतो. वाचणारे जे गप्प असतात, जे कधीच काही लिहीत नाहीत, त्यांच्यासाठी लिहितो. बिंदू चौकातही शहाणा वक्ता प्रतिस्पर्ध्याकडे पाहून बोलत नाही, पानपट्टीपाशी उभ्या असलेल्याकडे पाहून बोलतो.

समोरचा माणूस खरा आहे का, याचाही अंदाज घ्यावा. खाते गेल्याच महिन्यात उघडलेले, फोटो नटाचा, सकाळ-संध्याकाळ एकाच विषयावर तोच मजकूर चार ठिकाणी. असा असला तर तो वादासाठी आलेला नाही, कामावर आलेला आहे. त्याला नमस्कार करून पुढे जावे. पण नाव टोपण आहे एवढ्यावरून कोणाला खोटा ठरवू नये. मुलींना, नोकरदारांना, गावात अल्पसंख्य असलेल्यांना खऱ्या नावाने लिहिणे परवडत नाही. अशी कितीतरी शहाणी टोपणनावे मला भेटली आहेत.

आणि आपल्या जुन्या शास्त्रार्थातली एक रीत मला इथे फार उपयोगी पडते. आधी पूर्वपक्ष मांडायचा. म्हणजे समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आपणच सांगायचे, आणि मग खंडन करायचे. ‘तुमचे म्हणणे असे, की अमुक. बरोबर?’ एवढे विचारले, तरी अर्धी भांडणे तिथेच विरतात, कारण समोरच्याने तसे म्हटलेलेच नसते. उरलेल्यांत निदान मुद्दा कळतो. मानवी हक्कांच्या वादात तर हे फारच लागते. कोठडीत मारहाण होऊ नये असे म्हणणाऱ्याला ‘म्हणजे तू गुन्हेगाराच्या बाजूचा’ असे उत्तर मिळते; तो मात्र कायद्याच्या बाजूने बोलत असतो. उलट, गुन्ह्याने पोळलेल्या घरातल्या माणसाला कलमे ऐकवली, की त्याला आपली थट्टा झाल्यासारखे वाटते. माझ्या पुराच्या रात्री मीच असा पोळलेला होतो.

कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या सभा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ‘शिवाजी कोण होता?’ हे त्यांचे छोटे पुस्तक १९८८ मध्ये आले आणि ते घेऊन ते गावोगाव विरोधी मताच्या श्रोत्यांसमोर उभे राहिले. प्रश्न घेतले, उत्तरे दिली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून घरी परतताना याच शहरात त्यांच्यावर आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला ते गेले. समोर उभे राहून वाद घालणाऱ्या माणसाला न दिसता येऊन कोणी मारले. त्यानंतर कोल्हापुरात सुरू झाला तो ‘निर्भय मॉर्निंग वॉक’. माणसे नाव-चेहऱ्यासह, उजेडात, एकत्र चालू लागली.

विजापूरकडच्या त्या गृहस्थांचे राहिले. २०२१ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा धोक्याची पातळी ओलांडून वर चढू लागली, तेव्हा मी त्यांना निरोप पाठवला आणि आधीच्या उर्मट उत्तराबद्दल क्षमा मागितली. त्यांनी त्यावर काही लिहिले नाही. फक्त त्या दिवशीची अलमट्टीची पातळी आणि विसर्ग पाठवला आणि विचारले, ‘राजाराम बंधाऱ्यावर किती?’ तेव्हापासून पावसाळा लागला, की सकाळी साडेआठला त्यांचा आकडा येतो आणि मी माझा पाठवतो. धरणाच्या उंचीवर आमचे अजून एकमत नाही. त्यांचे नाव मला ठाऊक आहे. चेहरा अजून पाहिलेला नाही.